सोपानच्या घरात भंडारा उचलत नाहीत

बसा. घाई असेल तर नका बसू, पण बसलात तर मधे उठू नका—कारण हे मला दोनदा सांगता येणार नाही. एकदा तरी कुठं सांगितलंय? बायको इतकी वर्षं मला वाढते, तिला माहीत नाही. आई गेली ती माझं कौतुक करतच गेली. तुम्ही माझ्या गावचे नाही, कंपनीतले नाही, भावकीतले तर नाहीच. म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

आज खंडेनवमी. सकाळी कंपनीत मशिनींची पूजा झाली. युनियनचा अध्यक्ष मी, त्यामुळं पहिला नारळ माझ्या हातनं फुटला, मोठ्या प्रेसला झेंडूची माळ मीच घातली. मॅनेजरसाहेबांनी हात मिळवला, फोटो निघाले. मग इथं कारेगावात खोलीवर आलो आन् तेव्हाचा असाच बसलोय. शर्टसुद्धा बदललेला नाही. चहा टाकावा म्हटलं, तेही झालं नाही.

ती माळ सोपानच्या रानातल्या झेंडूची होती. परवा त्यानंच पाटी भरून दिली मला. का घेतली मी? ते सांगतो, पण एकदम सांगता येत नाही. जरा फिरून यावं लागेल.

सोपान माझा मैतर. दोघं राहूचे, दौंड तालुक्यातले. आमचा ऊस, त्यांची फुलं, मधे एक बांध. कंपनीत लागलो तेही बरोबरच—गाड्यांच्या सीटच्या फ्रेमा बनतात आमच्याकडं. याच कारेगावात एका खोलीत राहायचो. पिठलं तो करायचा, भांडी मी घासायचो, आन् घासली नाहीत तर तो न बोलता स्वतः घासून टाकायचा. बोलणं कमीच त्याचं. चिडवलं तर नुसता हसायचा.

मग ते मंदीचं वर्ष आलं. काही वर्षं झाली त्याला. गाड्या खपेनात. बाहेरच्या ऑर्डरी बंद. आधी एक शिफ्ट गेली, मग आठवड्यातले निम्मे दिवस कंपनीला कुलूप. कॉन्ट्रॅक्टवरची पोरं, यूपी-बिहारकडची, पिशव्या भरून निघाली. तेलाचा भाव, गॅसचा भाव, पोरांच्या शाळेची फी—बाजारात फक्त माणूस स्वस्त झाला होता.

आन् सरकार? सरकार आमचंच होतं हो. आम्हीच निवडून दिलेलं. धर्म, संस्कार, शिस्त, जुनं ते सोनं—ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आमच्यातल्या निम्म्या जणांच्या मोटरसायकलीवर त्यांचं स्टिकर होतं. माझ्याही होतं. पण मंदी आली तेव्हा त्यांना आधी काहीच सुचेना, आन् सुचलं तेव्हा कामगार सुचले. माणसं कमी करायचे नियम सैल केले, संप करायचे आवळले. टीव्हीवर मंत्री म्हणाले, देश अडचणीत आहे, पोटाला चिमटा घ्या. घेऊ की—पण चिमटा कोणाच्या पोटाला, ते तेवढं बोलले नाहीत.

काढलेल्या पोरांना परत घ्या म्हणून आम्ही संपावर गेलो. आम्हीच नाही, नगर रोडला गेटागेटासमोर मंडप पडले होते त्या उन्हाळ्यात. आमचे पुढारी म्हणजे पाबळकडचे एक वयस्क फिटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांनी एक कमिटी केली. तीत सोपान, मी, पेंट शॉपचा काळूराम, कॉन्ट्रॅक्टवाल्यांकडून तिवारी, आन् अजून दोघं-तिघं.

संप लांबला. लांबला म्हणजे किती लांबला—मंडपात पत्ते खेळायचाही कंटाळा आला. गावी घरी गेलं की बायको नुसती भांडी आपटायची. रोज सकाळी उठून त्याच सतरंजीवर बसायचं, त्याच घोषणा द्यायच्या, समोरचा गेट काही हलायचा नाही. मला तेव्हा मनातनं वाटायचं की काहीही होवो, जिंकू नाहीतर हरू, पण हे एकदाचं संपू दे. हे मी कोणाजवळ बोललो नाही. सगळ्यांनाच वाटत असेल कदाचित. पण सगळ्यांनी ते केलं नाही जे मी केलं.

तेवढ्यात कळलं की मंत्री रांजणगावला येणार, एका नव्या कारखान्याचं उद्घाटन करायला. कंपन्या बंद पडतायत आन् हे फीत कापणार! मामांनी ठरवलं, त्यांची गाडी नगर रोडवर अडवायची, बायकापोरांसकट रस्त्यावर बसायचं. पण पोलीस वाटेतच उचलणार हे उघड होतं. मग काळूरामनं डोकं चालवलं—लग्नसराई आहे, वऱ्हाड म्हणून जायचं! टेम्पोला आंब्याचे डहाळे बांधायचे, बायकांनी शालू नेसायचे, पुढं वाजंत्री. नवरदेव म्हणून तिवारीला मुंडावळ्या बांधायचं ठरलं, कारण कमिटीत बिनलग्नाचा तोच. आम्ही इतकं हसलो त्या दिवशी. संपातला तो एकच दिवस असा की घरी जावंसं वाटलं नाही. बायकामाणसांना एवढंच सांगायचं ठरलं की नटून निघायचं. हे वऱ्हाड खोटं आहे, कुठल्या मंगल कार्यालयाच्या आवारात थांबायचं आन् रस्त्यावर कधी उतरायचं, हे फक्त कमिटीला ठाऊक.

आता आप्पांचं सांगावं लागेल. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सरकारच्या पक्षाचे तालुक्यातले मोठे माणूस, सोसायटी त्यांची, कारखान्यावर त्यांचा शब्द. भावकी असून आमच्यात आन् त्यांच्यात फार अंतर. माझे वडील त्यांच्या अंगणात गेले की ओट्याच्या कडेला बसायचे, अर्धे टेकून. वडील गेले, मग मी बसायला लागलो, तसाच. अंगणात वेताच्या खुर्च्या असायच्या. आम्हाला कोणी ‘बसू नका’ म्हणालेलं नव्हतं. पण बसायचं नसतं हे कळतंच ना माणसाला?

त्या आठवड्यात मी गावी गेलो होतो. आप्पांचा निरोप आला. गेलो, ओट्याला टेकणार, तर आप्पांनी स्वतःच्या हातानं खुर्ची ओढली. म्हणाले, इथं बस, आता तू काय ल्हान हाईस का, युनियनचा माणूस तू. चहा आला तो कपबशीतनं. आप्पा पावसापाण्याचं बोलले, उसाचं बोलले, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाले की सरकार लई कात्रीत सापडलंय, वरनं सारखे फोन येत्यात. मंत्रीसाहेबांच्या गाडीला माझ्या भागात धक्का लागला तर माझं तिकीट गेलंच समज. तुझं तिथं वजन हाय म्हणून तुला विचारतो, पोरं काय करणार हायत?

मला कोणी मारलं नाही. धमकी नाही, लालूच नाही. मी काही मागितलं नाही, त्यांनी काही देऊ केलं नाही. वजन हाय म्हणाले—बस्स, तेवढंच. आन् मी सगळं सांगितलं. वऱ्हाड सांगितलं, डहाळे सांगितले, कार्यालय सांगितलं. तिवारीच्या मुंडावळ्यांचं सांगताना तर हसलोसुद्धा. आप्पाही हसले. दुसरा कप चहा आला.

झालं. हे ते. इतकी वर्षं छातीवर धोंडा होता तो एवढ्याशा गोष्टीचा. पण थांबा—हा पहिला गुन्हा. ह्याच्यावर मी रडलो असतो, पाय धरले असते, तर मामांनी मला चार शिव्या देऊन जवळ केलं असतं असं मला आजही वाटतं. मी जे नंतर केलं त्याला शिवी नाही.

वऱ्हाड निघालं. कार्यालयाच्या दाराशीच पोलीस उभे होते, जसे काही वऱ्हाडाच्या स्वागतालाच आलेले. टेम्पोतनं माणसं ओढली. मामांची बायको शालूत पाय अडकून खाली पडली, तिचं मनगट मोडलं. ते अजून वाकडंच आहे. हळदीकुंकवाला हात पुढं करते तेव्हा दिसतं. कमिटीच्या सगळ्यांना उचललं. मलाही उचललं, तेवढी अक्कल आप्पांना होती. गाडीत सोपान माझ्या शेजारी होता. त्याच्याकडं पाण्याची बाटली होती, ती त्यानं आधी मला दिली. मी प्यालो. मंत्र्यांनी फीत कापली, बँड वाजला, आन् कंपनीनं दुसऱ्याच दिवशी कमिटीच्या सगळ्यांना सस्पेंड केलं.

सुटून आलो त्या दुपारी मामांनी कमिटीला मंडपात बसवलं. भोवती बाकीचे कामगार. घोंगडी अंथरली होती, तिच्यावर ताटात बेल आन् जेजुरीचा भंडारा. मामा म्हणाले, फोडलंय ते आपल्यातल्यानंच. मी कोणाला काय इचारत न्हाई. ज्यानं फोडलं न्हाई त्यानं उचलावा.

आमच्याकडं हे कोर्टापेक्षा मोठं. बेलभंडारा हातात घेऊन खंडोबाच्या नावानं खोटं बोललं की त्या घराचा निर्वंश होतो म्हणतात. बांधाचं भांडण असो, चोरी असो, उचलला की विषय मिटला. आन् न उचलणारा मेला.

सगळ्यात आधी कोण उठलं असेल? मीच. ज्याच्या पोटात पाप असतं त्याला दम धरवत नाही. मुठीत भंडारा घेतला, बेल कपाळाला लावला, मोठ्यानं बोललो की मी फोडलं असेल तर माझ्या पोराबाळांना बघून घे. पोरांची नावं घेतली—दोघांची. मग काळूरामनं उचलला. एकेकानं उचलला. तिवारी म्हणाला, आमच्याकडं गंगाजल उठवतात, पण द्या, हाही चालेल. शेवटी सोपान राहिला.

सोपान उठला नाही. बसल्या जागेवरनं म्हणाला, “मामा, आमच्या घरात भंडारा उचलत न्हाईत. खरं असलं तरी न्हाई.”

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, खरं असलं तर भ्यायचं कशाला? आन् मग मंडपात सगळ्यांच्या माना हळूहळू त्याच्याकडं वळल्या.

ते का उचलत नाहीत हे त्या मंडपात फक्त मला माहीत होतं. मघाशी बांधाचं म्हणालो ना? आमच्या आजोबांचा आन् सोपानच्या आजोबांचा त्या बांधावरनं तंटा झाला होता. पंचांनी भंडारा ठेवला. सोपानच्या आजोबांनी उचलला—खरा उचलला, बांध त्यांचाच होता, आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच साली त्यांचं धाकटं पोर साप चावून गेलं. गाव म्हणालं, खोटं बोलला, देवानं दाखवलं. त्या माणसानं बांध सोडून दिला आन् घरात शपथ घातली की आजपासून आपल्यात कोणी भंडारा उचलायचा नाही, खऱ्यालाही नाही. ती बांधाकडची पट्टी आजही आमच्या उसात आहे. माझी आजी हे हसून सांगायची. मी ऐकत मोठा झालो.

म्हणजे मला फक्त तोंड उघडायचं होतं. स्वतःचं पाप राहू द्या एका बाजूला—एवढंच म्हणायचं होतं की मामा, मी त्याच्या गावचा, त्यांच्या घरची रीत मला माहीत हाय. माझं ऐकलं असतं. मी तर सगळ्यांच्या आधी उचललेला! सोपाननं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी घोंगडीवर सांडलेला भंडारा बोटानं गोळा करत बसलो.

संप मोडला. पुढं कंपनीनं बऱ्याच जणांना परत घेतलं. काही जणांना नाही घेतलं, त्यात काळूराम गेला; त्याच्यासाठी आम्ही भांडलो, हरलो. सोपानसाठी कोणी भांडलंच नाही. बोलणी करायला बसलो त्या टेबलावर मीही होतो. साहेबांनी सोपानचं नाव घेतलं, मामांनी तोंड फिरवलं, मी पाण्याचा ग्लास उचलला. मामा रिटायर झाले तेव्हा लोकांनी मला अध्यक्ष केलं. मर्दासारखा उठून पहिला भंडारा उचलणारा माणूस, म्हणाले.

आन् आप्पा? त्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या अंगणात गेलो तेव्हा खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. कोणी ओढली नाही. मी ओट्याच्या कडेला टेकलो.

देवाची मी फार वाट पाहिली. पोराला ताप आला की रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसायचो. बायकोला वाटायचं, केवढी माया. पण काही झालं नाही. पोरं धडधाकट, ऊस दरसाल उभा. खरं बोलणाऱ्याचं पोर गेलं आन् माझ्या केसाला धक्का नाही. ह्याचा अर्थ काय लावायचा तुम्ही सांगा. नको, सांगू नका.

सोपान गावी गेला, झेंडू-शेवंती लावायला लागला. कामगारांत त्याचं नाव दलाल. गावात बसायला आलेली माणसंही तो आला की विषय बदलतात. तेव्हा त्याची पोरगी पूनम शाळेत होती. आता नर्स झालीय, शिरूरला एका दवाखान्यात आहे. आन् नशीब बघा, तिथं तिची ज्या मुलाशी ओळख झाली तो काळूरामचा मुलगा. नोकरी गेल्यावर काळूरामनं शिरूरमध्ये वेल्डिंगचं दुकान टाकलंय. पोरांनी एकमेकांना पसंत केलंय. काळूराम अडून बसलाय. त्याची चूक नाही. ज्या माणसानं आपली भाकरी घालवली त्याच्या घरची पोरगी कोण करेल?

मागच्या आठवड्यात काळूराम इथं आला होता. तुम्ही बसलाय तिथंच बसला. म्हणाला, पोरगं ऐकत न्हाई, पोरगीबी चांगली हाय. मी बी आता थकलो राग राग करून. मग म्हणाला, “तू त्याच्या गावचा. एकदा सांग, सोपान नव्हता म्हणून. तू भंडारा उचललेला माणूस, तुझा शब्द मी मानतो.”

किती सोपं केलं होतं त्यानं. माझा गुन्हा विचारतच नव्हता. ‘सोपान नव्हता’—दोन शब्द. पण त्याच्या पुढचा प्रश्न काय आला असता? मग कोण? मी म्हणालो, पोरगी गुणाची हाय, बापाचं मला काय माहीत. काळूराम उठला. जाताना म्हणाला, पोराला दसऱ्यापर्यंत सांगतो न्हाई म्हणून.

परवा राहूला गेलो ते सोपानला सगळं सांगायचं ठरवूनच. मोटरसायकल बांधाशी लावली. तो झेंडू तोडत होता. पूनमला सुट्टी होती, तिनं काका म्हणत पाया पडून चहा आणून दिला. डोळे सुजलेले होते तिचे. ती गेल्यावर मी नुसता उभा राहिलो. सोपान तोडतच होता. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागला, शांतपणे, पाण्याच्या पाळीचं बोलावं तसं. म्हणाला, संपाच्या त्या आठवड्यात मी फुलं घेऊन आप्पांच्या दारावरनं चाललो होतो. तू खुर्चीत बसलेला दिसलास. मला बरं वाटलं, म्हटलं ह्यालाबी दिली एकदाची खुर्ची.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, मग तवा मंडपात बोलला का न्हाईस?

“माझं खरं धरायला भंडारा उचलावा लागला असता.”

एवढंच म्हणाला. पूनमचं काढलं नाही, काळूरामचं काढलं नाही. पाटी भरली, माझ्या गाडीला मागं बांधली. म्हणाला, कंपनीत लागतील खंडेनवमीला. मी ती घेऊन आलो.

दसरा उद्या आहे. इथनं शिरूर लांब नाही. काळूरामचं दुकान मला माहीत आहे, आज तोही पूजा करून दुकानातच बसला असेल. माझी मोटरसायकल दारात उभी आहे. सकाळी तिलाही त्याच झेंडूचा हार घातला. मी अजून गेलेलो नाही.